युक्काची पाने पिवळी पडतात, खोड मऊ लागते : नाशिकच्या घरात काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचे

नाशिकमधल्या घरांतल्या आणि ऑफिसांतल्या कुंड्यांची देखभाल हे माझे रोजचे काम. जुलै सरत आला की युक्काची एकच तक्रार सुरू होते आणि ती नवरात्रापर्यंत चालते : "ताई, वाळवंटातलं झाड आहे, काही करावं लागत नाही असं सांगून दिलं होतं. आता पानं पिवळी पडून गळतायत." यातली बरीच झाडे वाचतात. जी जातात, ती बहुतेक पाण्यामुळे जातात, आणि पाने मलूल दिसली म्हणून कोणीतरी आणखी पाणी घातलेले असते. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. आधी फुकटच्या तपासण्या, मग पाच-पन्नास रुपयांच्या, आणि कुंडी उलटी करायची वेळ सगळ्यात शेवटी.

आपल्याकडे घरात ठेवायला मिळणारा युक्का बहुतेक वेळा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला असतो. करवतीने कापलेले जाड खोड आणि वर हिरव्या पानांचे एक-दोन झुबके, हे त्याचे रूप. मोहावेच्या वाळवंटातले युक्का वेगळ्या जातींचे आहेत आणि ते घरात फारसे कोणी ठेवत नाही. घरातला युक्का खोडात पाणी साठवतो, त्यामुळे तीन आठवडे पाणी मिळाले नाही तरी तग धरतो. पण ओल्या मातीत, अंधाऱ्या कोपऱ्यात उभे राहणे त्याच्या अंगात नाही. शिवाय ही झाडे कापलेल्या ओंडक्याला मुळे फुटवून तयार केलेली असतात. वरचे खोड मनगटाएवढे असले तरी खाली मुळांचा पसारा मूठभरच असू शकतो. एवढ्याशा मुळांना मोठ्या कुंडीतले पाणी ओढून संपवता येत नाही.

आधी लक्षणे नीट बघा

सगळ्यात खालची एक-दोन पाने महिना-दोन महिन्यांतून पिवळी होऊन वाळत असतील तर तो आजार नाही. जुनी पाने अशीच जातात आणि खोड वर वाढते. ती खाली ओढून काढून टाका.

एकाच आठवड्यात पाच-सहा पाने पिवळी पडली, त्यात मधल्या थरातलीही असली आणि पान हाताला मऊ, ओलसर लागले, तर संशय मुळांवर घ्यायचा. कुंडीभोवती बारीक काळी चिलटे उडत असतील किंवा मातीला कुबट वास येत असेल तर तो संशय पक्का होतो.

पाने हिरवी आहेत पण लांबट, फिकी आणि मधून वाकून लोंबणारी आहेत : उजेड कमी पडतोय.

फक्त टोके तपकिरी आणि कुरकुरीत, बाकी पान ठणठणीत : पाण्यातले किंवा खतातले क्षार.

पानांवर एकाच बाजूला पांढरट-तपकिरी, कागदासारखे कोरडे चट्टे, आणि झाड नुकतेच गच्चीवर नेलेले : ऊन लागलेय. चट्टे जाणार नाहीत, पण झाडाला धोका नाही.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके, पान चिकट, वर मुंग्यांची ये-जा : पिठ्या ढेकूण. द्राक्षबाग असलेल्या घरांत हा लगेच ओळखतात.

आणि सगळ्यात वाईट लक्षण : शेंड्याचे कोवळे पान हलके ओढले की बुडापासून अलगद निघून येते आणि त्याचे टोक तपकिरी, घाण वासाचे असते. हे दिसले तर मधल्या तपासण्या सोडून थेट खोड कापण्याच्या भागाकडे जा.

पहिली तपासणी : कुंडीत पाणी अडलेय का?

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटे. झाडूची हीर किंवा बांबूची काडी कुंडीच्या कडेने थेट तळापर्यंत खुपसा, थोडा वेळ राहू द्या आणि बाहेर काढा. वरची माती कोरडी दिसते म्हणून फसू नका. युक्काची मुळे कुजतात ती तळाला, आणि तळाची ओल वरून कळत नाही. काडी तळाशी ओलसर निघाली, तिला माती चिकटली, तर आज पाणी नाही. चार दिवसांनी पुन्हा काडी घाला. तळाकडच्या दोन-तृतीयांश भागात कोरडी निघाली तरच पाणी द्यायचे.

मग कुंडी उचलून खाली बघा. तीन गोष्टी वारंवार सापडतात. एक, प्लॅस्टिकच्या कुंडीला भोकांच्या नुसत्या खुणा असतात, भोके पाडलेलीच नसतात. दोन, खालच्या बशीत पाणी साचून शेवाळ आलेले असते. तीन, आणि ही सर्वांत जास्त : साधी कुंडी एका देखण्या सिरॅमिकच्या कुंडीत बसवलेली असते आणि त्या बाहेरच्या कुंडीत बोटभर पाणी. वरून काहीच दिसत नाही. झाड महिनाभर त्या पाण्यात पाय बुडवून उभे असते.

घरात पाणी नक्की कोण घालते हेही विचारा. पूजा झाली की तुळशीला घालून उरलेला तांब्या शेजारच्या कुंडीत रिकामा करण्याची सवय बहुतेक घरांत असते. तांदूळ धुतलेले पाणी, चहाचा चोथा, ताकाचे भांडे विसळलेले पाणी यांचेही तेच. मोगऱ्याला, जास्वंदीला हे चालते. युक्काच्या मातीवर चहाचा चोथा पडला की ती आठ-आठ दिवस वाळत नाही आणि चिलटांना घर मिळते. एका काकूंचे म्हणणे होते की त्या पंधरा दिवसांतून एकदाच पाणी घालतात, आणि ते अगदी खरे होते. रोजचा तांब्या मात्र त्यांच्या सासूबाई घालत होत्या. कुंडीवर सरळ चिठ्ठी लावा.

अंदाजासाठी सांगते : एप्रिल-मेमध्ये आठ-बारा दिवसांनी, पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांनी, थंडीत दोन-तीन आठवड्यांनी पाणी पुरते. पण वार ठरवून घालू नका, काडी सांगेल तेव्हा घाला. घालाल तेव्हा मात्र भोकातून बाहेर येईपर्यंत घाला आणि अर्ध्या तासाने बशी रिकामी करा. रोज अर्धा कप घालण्यापेक्षा हे कितीतरी बरे, कारण दोन पाण्यांच्या मधल्या काळात मुळांना हवा मिळते.

पश्चिमेच्या गॅलरीत कुंडी असेल तर आणखी एक गोष्ट. पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिमेकडून, त्र्यंबकच्या बाजूने येतो. तुम्ही थेंबभर पाणी घातले नाही तरी झडीने माती आठवडाभर भिजत राहते. जून ते सप्टेंबर कुंडी भिंतीला लावून ठेवा.

दुसरी : खोड दाबून बघा

दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी खोड मातीलगत दाबा. मग वीतभर वर, मग आणखी वर. निरोगी युक्काचे खोड लाकडासारखे लागते. कुजलेल्या जागी अंगठा आत जातो, साल सुटून सरकते, कधी तिथून पाणी पाझरते. कुठपर्यंत मऊ आहे तिथे खडूने खूण करा. चार दिवसांनी खूण ओलांडून मऊपणा वर गेला असेल तर कूज चालू आहे. तिथेच थांबला असेल तर तुमच्या हातात वेळ आहे. झाड वाचेल की नाही हे पानांपेक्षा या खुणेवरून जास्त खात्रीने कळते, म्हणून ही तपासणी टाळू नका.

खोड सुरकुतलेले, पण कडक असेल आणि काडी तळापर्यंत कोरडी निघत असेल, तर झाड खरेच तहानलेले आहे. हे क्वचित दिसते. जिथे दिसते तिथे बहुधा माती काळी असते. आपली काळी माती वाळली की आकसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते, आणि घातलेले पाणी त्या फटीतून सरळ भोकाबाहेर जाते. मधला मुळांचा गोळा कोरडाच राहतो. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत ठेवा, बाहेर काढून पूर्ण निथळू द्या, आणि पुढे सवडीने माती बदला.

तिसरी : उजेड

पाण्याचा बंदोबस्त करूनही झाड सुधारत नाही तेव्हा कारण बहुधा इथे सापडते.

भर दुपारी झाडाच्या वर हातभर उंचीवर तळहात धरा. पानांवर बोटे मोजता येतील इतकी स्पष्ट सावली पडली तर उजेड चांगला. पुसट सावली पडली तर झाड जगेल, वाढणार नाही. सावलीच पडत नसेल तर ती जागा युक्काची नाही. सोफ्यामागचा कोपरा, लिफ्टसमोरचा पॅसेज, ट्यूबलाइटवर चालणारे रिसेप्शन, या सगळ्या तसल्या जागा. उजेड कमी असला की झाड पाणी कमी ओढते, माती ओलीच राहते आणि मुळे कुजायला लागतात. म्हणजे उजेडाची तक्रारही शेवटी पाण्यावरच येते.

"जागा बदललेली नाही, दोन वर्षं इथेच छान होतं," असे जे म्हणतात त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत खोलवर येते. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तोच सूर्य दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेला गेलेला असतो. दक्षिणेच्या खिडकीत त्या काळात थेट ऊन जवळजवळ येतच नाही. त्यात ढग, छज्जा आणि ग्रिलवर टाकलेला प्लॅस्टिकचा कागद. जानेवारीत जिथे झाड ऊन खात होते, तिथे जुलैत ते अंधारात असते, आणि पाणी मात्र जानेवारीच्याच हिशेबाने पडत राहते. पावसाळ्यापुरते झाड पूर्वेच्या खिडकीत, काचेपासून दोन-तीन फुटांच्या आत सरकवा.

उघड्यावर न्यायचे असेल तर एकदम नेऊ नका. आठवडाभर सावलीत, मग आठवडाभर फक्त सकाळच्या उन्हात, मग पूर्ण उन्हात. ऑक्टोबरच्या उन्हात एका दिवसात पाने भाजतात, कारण चार महिने ढगाखाली वाढलेले पान नाजूक असते.

थंडीची काळजी फार करू नका. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा १० अंशांच्या खाली जातो आणि निफाडकडे त्याहूनही खाली, पण कोरड्या मातीतला युक्का ते सोसतो. गार रात्र आणि ओली माती एकत्र आली की मात्र मूळकूज होते. थंडीत पाणी घालायचेच असेल तर सकाळी घाला.

चौथी : पाणी कोणते आणि खत कोणते

टोके तपकिरी होत असतील तर ही बघा. नळाला येणारे गंगापूर धरणाचे पाणी युक्काला चालते. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे घातले की मातीवर पांढरी पापडी धरते. त्याहून वाईट म्हणजे आरओ मशीनचे टाकाऊ पाणी. वाया जाऊ नये म्हणून लोक ते बादलीत धरून कुंड्यांना घालतात. हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. ते फरशी पुसायला वापरा. पापडी दिसत असेल तर वरची इंचभर माती काढून टाका आणि उन्हाळ्यात एकदा कुंडीच्या दुप्पट-तिप्पट साधे पाणी हळूहळू ओतून क्षार धुऊन काढा. हे पावसाळ्यात करू नका, आणि खोड मऊ असेल तर अजिबात करू नका.

खताचे एकच सांगते. पाने पिवळी दिसली की घरच्या द्राक्षबागेतून मूठभर १९:१९:१९ आणून टाकणारे नाशिकमध्ये पुष्कळ आहेत. कुजत्या मुळांना ते खत घेता येत नाही, उलट क्षारांनी उरलीसुरली मुळे भाजतात. आजारी युक्काला खत बंद. निरोगी झाडाला मार्च आणि जूनच्या सुरुवातीला ओंजळभर गांडूळखत पुरते. सुपर फॉस्फेट टाळा, त्यातल्या फ्लोराइडने टोके जळतात.

पाचवी : कीड

मोबाइलची बॅटरी लावून पानांच्या बेचक्यात, अगदी खोडाला चिकटलेल्या भागात बघा. पिठ्या ढेकूण असेल तर कान साफ करायची काडी सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुंजका टिपून काढा. दर पाच-सहा दिवसांनी, महिनाभर, कारण आज अंड्यांत आहेत ते पुढच्या आठवड्यात बाहेर येतात. मग संध्याकाळी लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब घालून फवारा. आधी एका पानावर मारून दोन दिवस थांबा. मुंग्यांचाही बंदोबस्त करा, त्याच कीड एका कुंडीतून दुसरीत नेतात. खोडावर तपकिरी, टणक टिकल्या दिसल्या तर ती खवले कीड. ती नखाने खरवडून मग स्पिरिट लावा.

चिलटांसाठी कृषी सेवा केंद्रात मिळणारा पिवळा चिकट सापळा अर्धा कापून कुंडीत खोचा. त्याने उडणारी चिलटे धरली जातील. माती वाळेपर्यंत नवी येत राहतील.

सहावी : कुंडीतून काढून मुळे बघणे

खोड बुडाशी किंचित मऊ असेल, किंवा वरचे सगळे करूनही तीन आठवड्यांत फरक नसेल, तरच इथपर्यंत या. मातीतून उपसण्याने जी चार बरी मुळे आहेत तीही तुटतात, म्हणून ही तपासणी इतकी मागे ठेवली आहे.

कुंडी आडवी करून थोपटा आणि खोड धरून गोळा सरकवून काढा. चांगले मूळ पिवळसर-पांढरे आणि ओढले तरी न तुटणारे असते. कुजलेले मूळ चिमटीत धरून ओढले की साल हातात येते आणि आत बारीक दोऱ्यासारखी नस उरते. एकदा ही नस पाहिली की पुढे कधी चुकत नाही. कुजलेले सगळे कात्रीने काढा, आणि दर कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा. मुळे कॉपर ऑक्सिक्लोराईड या तांबेयुक्त बुरशीनाशकाच्या पाण्यात, पाकिटावरच्या प्रमाणाने, बुडवून काढा आणि सावलीत दोन दिवस उघडी वाळू द्या. घरात ट्रायकोडर्मा (मूळकुजीवर वापरतात ती उपयोगी बुरशी) असेल तर तो याच वेळी वापरू नका, तांब्याने तो मरतो. तीन-चार आठवड्यांनी द्या.

नवे मिश्रण असे : एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, आणि दोन भाग भरड माल. भरड माल म्हणजे चाळून धूळ काढलेली क्रश सँड, विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे), जे हाताशी असेल ते. काळी माती अजिबात नको. तळाला खडीचा थर द्यायची पद्धत सोडून द्या. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडते. थराने निचरा सुधारत नाही, फक्त ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरे.

कुंडी मुळांच्या पसाऱ्यापेक्षा दोन बोटेच मोठी घ्या. झाड डोकेजड असते, म्हणून मातीची किंवा सिमेंटची जड कुंडी बरी. लावल्यावर आठवडाभर पाणी नाही.

सातवी : खोड कापणे

मऊपणा खोडात चढला असेल तर खालचा भाग सोडून द्यायचा आणि वरचा निरोगी तुकडा नव्याने लावायचा. धारदार आरीने, मऊ भागाच्या चार बोटे वर कापा. काप पूर्ण पांढरट दिसला पाहिजे. मध्ये तपकिरी ठिपका किंवा रेघ दिसली तर अजून दोन बोटे वर. ठिपका ठेवून लावलेला तुकडा पुन्हा कुजतो, तिथे हात आखडू नका. निम्मी पाने कमी करा, तुकडा सावलीत पाच-सात दिवस वाळवा, मग भरड मिश्रणात वीतभर खोल लावून काठीचा आधार द्या. वरची बाजू वरच राहील हे बघा. मुळे धरायला दीड-दोन महिने लागतात. तोवर मिश्रण जेमतेम दमट ठेवा आणि तुकडा उपटून बघू नका.

फेब्रुवारी ते एप्रिल हा यासाठी उत्तम काळ. ऑगस्टमध्ये शक्यतो टाळा. पण कूज दिवसागणिक चढत असेल तर वाट बघू नका, कापा आणि तुकडा पंख्याच्या वाऱ्यात वाळवा. हातमोजे घाला. अणकुचीदार पानांची जात असेल तर चष्माही लावा, टोक डोळ्याच्या उंचीवर येते.

कुठे थांबायचे

झाड पाच फुटांच्या वर आणि सिमेंटच्या कुंडीत असेल तर सहावी आणि सातवी तपासणी एकट्याने करू नका. अनुभवी माळी आणि सोबत एक माणूस बोलवा. अशी कुंडी कलंडली की पाय मोडतो.

मऊपणा पानांच्या झुबक्यापर्यंत पोचला असेल, किंवा कितीही वर कापले तरी मध्ये तपकिरीच दिसत असेल, तर त्या फांदीवर आणखी पैसे घालू नका. ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

स्पिरिट आणि निंबोळी तेलाने महिन्याभरात कीड हटली नाही तर बागेसाठी आणलेले आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणारे) कीटकनाशक बैठकीच्या खोलीत फवारू नका. झाड बाहेर नेऊन जाणकाराकडून करून घ्या. एकाच सोसायटीतल्या बऱ्याच कुंड्यांची टोके एकदम जळत असतील तर दोष पाण्यात आहे. द्राक्षवाले जिथे पाणी तपासायला देतात तिथेच एक बाटली द्या.

कुत्र्याने किंवा मांजराने पाने चावली आणि लाळ, उलट्या सुरू झाल्या तर घरगुती उपाय न करता पशुवैद्याकडे न्या. पानांतले सॅपोनिन त्यांना बाधते. लहान मुलाने चावले तर डॉक्टरांना दाखवा, आणि सोबत पानाचा तुकडा न्या.

माळ्याला किंवा नर्सरीत फोन करण्याआधी चार फोटो काढून ठेवा : पूर्ण झाड खिडकीसह, मातीलगतचे खोड, कुंडीचे खालचे भोक, आणि तळापर्यंत घालून काढलेली काडी. शेवटचे पाणी कधी घातले तेही सांगा.